सागरी कायद्याचे सर

सरांच्या अंगणात नारळ पडला की सर तो उचलत नसत. माड होता त्यांच्या चुलत भावाच्या वाडीतला, पण असा कललेला की शेंडा सरांच्या हद्दीत यायचा. म्हणजे बुंधा भावाचा, सावली सरांची, आणि नारळ कोणाचा हा प्रश्न. सर पुठ्ठ्याचा तुकडा कापायचे, त्यावर ‘वादग्रस्त’ असं लिहायचे आणि सुतळीने तो नारळाला बांधून नारळ जिथल्या तिथे राहू द्यायचे. पावसाळ्यात काहींना कोंब फुटले. आता कोंब कोणाचे, हा वेगळा प्रश्न झाला. सरांनी कोंबांना वेगळे पुठ्ठे बांधले.

चुलत भावाशी भांडण होतं म्हणावं तर तेही नाही. तो बिचारा कुंपणाशी येऊन म्हणायचा, “दादा, घे रे ते नारळ. कुजतायत.”

“तुला देता येत नाहीत आणि मला घेता येत नाहीत,” सर म्हणायचे. “अजून काही ठरलेलं नाही.”

मुरूडसारख्या गावात, नारळाच्या वाडीत राहून, सरांच्या बायको बाजारातून नारळ विकत आणायच्या. मला एकदा म्हणाल्या, “पाय ठेवायला जागा नाही इतके नारळ आहेत गं या घरात, आणि आमटीत घालायला एक नाही.”

अशा माणसाने मला कायदा शिकवला. माझ्यावर उपकारही केले. त्यांची आठवण झाली की आधी माझे हात जोडले जातात आणि मग कपाळाला हात जातो.

मी हिंगोलीकडची. सातवीनंतर माझी शाळा सुटली, कारण आठवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि पोरगी एवढ्या रस्त्याने एकटी जाणार नाही, असं घरात जेवताना ठरलं. ताटं उचलेपर्यंत विषय संपला होता. पुढे लग्न, लेकरं. मग बाहेरून दहावी, बाहेरून बारावी, घरी बसून बीए. आमच्या ह्यांना दिघी बंदरावर क्रेन चालवायचं काम मिळालं म्हणून आम्ही इकडे आलो. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो दिघी-आगरदांडा फेरीबोटीतून. पाहिला म्हणजे, खांब धरून डोळे मिटले होते. अजूनही कोणी मला खुर्ची दिली की ती माझ्यासाठीच आहे ना, हे मागे वळून बघितल्याशिवाय मला बसवत नाही. लोक याला नम्रपणा म्हणतात. नम्रपणा कसला, धास्ती आहे ती.

काशीदच्या अलीकडे विद्यापीठाचं कायद्याचं संकुल होतं. तिथे पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मराठीतून करता येतो असं कळलं, म्हणून धीर करून गेले. प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनाने माझी कागदपत्रं परत सरकवली.

“बाई, मधली शाळा कुठाय? सातवीनंतर एकदम दहावी? असं न्हाय चालत.”

“बरं साहेब,” म्हणून मी कागद गोळा करायला लागले. मला कोणी नाही म्हटलं की मी लगेच बरं म्हणते.

मागून आवाज आला. “कोणता नियम?”

बुटके, गोल चष्मा, आणि त्या घामट हवेत अंगात काळा कोट. सरांना मी असं पहिल्यांदा पाहिलं. ते खिडकीशी आले आणि कारकुनाला म्हणाले, “नियमात ‘उत्तीर्ण’ आहे. ‘वर्गात बसून उत्तीर्ण’ असं कुठे आहे? दाखवा.” कारकून पुस्तक चाळत राहिला, सर उभे राहिले, मागची रांग कुरकुरत राहिली. शेवटी प्राचार्य बाहेर आले आणि केवळ सरांना तिथून हलवण्यासाठी त्यांनी मला प्रवेश दिला.

मी सरांच्या पायाशी वाकले. ते दोन पावलं मागे सरकले.

“तुमचा माझा काही संबंध नाही. त्याने नियम चुकीचा वाचला, ते मला सहन झालं नाही. तुमच्या जागी म्हैस असती तरी मी हेच बोललो असतो.” मग थोडा विचार करून म्हणाले, “अर्थात, पदवीधर म्हैस.”

संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ द्यायला गेले तर ‘परीक्षकास भेटवस्तू’ म्हणून त्यांनी तो परत केला. आभार मानून घ्यायलाही या माणसाची तयारी नव्हती.

त्या संकुलात कायद्याचे विशेष विभाग होते आणि त्याचा मोठा गाजावाजा होता. विभाग म्हणजे एक दार, दारावर पाटी, आत एक प्राध्यापक आणि एक चहाची किटली. फौजदारी कायदा विभाग वरच्या मजल्यावर, त्याच्या बरोबर खाली आमच्या सरांचा सागरी व किनारा कायदा विभाग. फौजदारीच्या मोरीतून पाणी झिरपायचं आणि सागरीच्या टेबलावर पडायचं. फौजदारीचे सर म्हणायचे, “यात हेतू नाही, सबब गुन्हा नाही.” घटना कायद्याचे म्हणायचे, “मोरी ही राज्याच्या व्याख्येत बसते का, ते आधी बघा.” बौद्धिक संपदेच्या मॅडम वर बघून म्हणायच्या, “डाग छान उमटलाय, अगदी नकाशासारखा.” आणि ज्यांच्या डोक्यावर थेंब पडत होते ते आमचे सर म्हणायचे, “हे पाणी गोडं आहे. माझा विभाग खाऱ्या पाण्याचा.”

एवढी शिकलेली माणसं, पण नळदुरुस्तीवाल्याला बोलवायचं एकाला सुचलं नाही. सुचलंच असेल, तर बोलावण्याचा अधिकार कोणाचा यावर अडलं असेल.

खाऱ्या पाण्याचं म्हणाल तर सरांच्या खोलीला समुद्राकडे उघडणारी एकच खिडकी होती आणि तिला त्यांनी कपाट लावलं होतं. का, तर लाटांचा आवाज आला की विचार तुटतो. बोटीत त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता. एकदा दिघीला कार्यक्रम होता. आगरदांड्यावर उभं राहिलं की समोर दिघी दिसते, हाक मारावी इतकी जवळ. सर खाडीला वळसा घालून, रस्त्याने, अर्धा दिवस घालवून आले आणि बंदरांच्या कायद्यावर बोलून त्याच रस्त्याने परत गेले. मासळीच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं. असा हा सागरी कायद्याचा विभागप्रमुख.

कोर्टातही ते कधी उभे राहिले नव्हते. पूर्णवेळ शिकवणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा नियम सर असा सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळी न्यायालयं यांच्यावाचून खोळंबली आहेत. फक्त एकदा, कसल्याशा अपघाताचे साक्षीदार म्हणून त्यांना बोलावलं होतं. न्यायाधीश म्हणाले, हो की नाही एवढंच सांगा. सर म्हणाले, प्रश्नाची रचना सदोष आहे. त्यांना बाहेर बसवण्यात आलं. हा किस्सा ते स्वतः अभिमानाने सांगायचे.

वर्गात नावाने हाक मारणं त्यांना मान्य नव्हतं. उशिरा येणाऱ्या मुलाला ते ‘मुदतबाह्य’ म्हणायचे. पनवेलच्या एका बड्या वकिलांचा मुलगा आमच्यात होता, बापाचं ऑफिस तयार होतं, म्हणून तो ‘वारसदार’. आणि मी ‘अपवाद’. “कलमाला अपवाद असतो, वर्गाला या बाई आहेत,” असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. माझं इंग्रजी ऐकून म्हणाले, “तुम्ही मराठीतच बोला. तुमच्या मराठीने कायद्याला कमी इजा होते.” पोरं हसली. मीही हसले, कारण मराठीत बोलायची परवानगी मला हवीच होती.

मूट कोर्टाचं प्रकरण शेवटच्या वर्षाचं. मूट कोर्ट म्हणजे खोटं न्यायालय. प्राध्यापक एक काल्पनिक वाद लिहून देतात, चिठ्ठ्या टाकून बाजू वाटतात, विद्यार्थी काळे कोट घालून वकील होतात आणि पाहुणा न्यायाधीश ऐकतो. गुण बोलण्याच्या कौशल्याला असतात. बाजू खरी की खोटी, याच्याशी त्याचा संबंध नसतो. पण या विषयात पास झाल्याशिवाय पदवी नाही, आणि पदवीशिवाय वकिलीची सनद नाही.

माझ्या जिवाला घोर होता तो याचाच. ह्यांचं बंदरावरचं कंत्राट त्या उन्हाळ्यात संपत होतं, पोरांच्या शाळेचे दाखले काढून झाले होते, आणि आम्ही कायमचे हिंगोलीला परतणार होतो. मूट राहिलं तर सगळंच राहिलं. परत एवढ्या लांब येऊन एकटीने परीक्षा देणं घरात कोणाला पटणार नव्हतं. सासरी म्हणाले असते, “हिचं सगळं असंच. शाळा बी अर्धी, वकिली बी अर्धी.” हे वाक्य अजून कोणी म्हटलं नव्हतं, तरी ते मला ऐकू यायचं.

सरांनी मूटचा वाद लिहून दिला. ‘अबक’ नावाचं बेट. तिथे ‘क्ष’ आणि ‘य’ या दोन व्यापारी संस्था किनाऱ्यावर आपापलं ‘सागरी उत्पादन’ वाळवतात. समुद्राने किनारा खाल्ला, आता एकाचंच उत्पादन मावेल एवढी जागा उरली. हक्क कोणाचा?

मी वाचलं आणि मला बोंबलांचा वास आला.

त्याआधी काही महिने कायदा साक्षरता शिबिरासाठी सर आम्हाला काशीदपलीकडच्या एका कोळीवाडीत घेऊन गेले होते. तिथे हिराबाय आणि चांगुणाबाय या दोन जावांचं भांडण आमच्यापुढे आलं होतं. दोघी पिढ्यान्‌पिढ्यांच्या रिवाजाने शेजारीशेजारी वलांडी घालायच्या. म्हणजे बांबू रोवून, दोऱ्या ताणून, त्यावर बोंबील जोडीजोडीने अडकवून वाळवायच्या. चांगुणाबायची बाजू लाटांनी खाल्ली. ती म्हणे, उरलेल्यात मी येणार. हिराबाय म्हणे, ही माझी. सरांनी तेव्हा नाकाला रुमाल लावून सगळं ऐकलं होतं आणि ‘बघू’ म्हणून उठले होते. आता तेच भांडण नावं बदलून कागदावर उतरलं होतं.

मी भीतभीत म्हटलं, “सर, हे तर त्या वाडीतलं…”

“बाई, हे बेट काल्पनिक आहे. वास्तवाशी साम्य आढळल्यास तो वास्तवाचा दोष.”

खऱ्या, न मिटलेल्या वादावर मूट भरवायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम आहे. तो नियम सरांनीच लिहिलेला होता.

चिठ्ठीत मला ‘य’ आला, वारसदाराला ‘क्ष’. पाहुणे म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश येणार होते, आणि सरांना काळजी पडली सभागृह रिकामं दिसण्याची. बाकीच्या विभागांनी आपले विद्यार्थी पाठवायला नकार दिला. सागरी कायदा त्यांच्या अधिकारक्षेत्रात येत नव्हता. तेव्हा सरांनी काय करावं? कॉलेजची बस पाठवून माणसं आणवली. कुठून, तर ज्या वाडीचा त्यांना फोन नंबर माहीत होता तिथून. बटाटेवडा आणि चहाच्या बोलीवर अख्खी बस भरून कोळणी आल्या, केसांत अबोली माळून. हिराबाय डाव्या बाजूला बसली, चांगुणाबाय उजव्या. सर दारात उभे राहून डोकी बघून खूश होत होते. चेहरे बघायची त्यांना सवय नव्हती.

वारसदार आधी उठला आणि इंग्रजीत बोलला. त्याचा मुद्दा असा, की समुद्राने ज्याचं नेलं त्याचं नुकसान. शेजाऱ्याने ते का भरून द्यावं? कायद्याने त्याचं म्हणणं जड होतं असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण तो कागदात बघून वाचत होता, आणि बायका वडे खात होत्या.

मग मी उठले. मी मराठीत म्हटलं, “महाराज, ‘य’ने समुद्राचा मार एकटीने सोसला. तिची जागा पुढे होती म्हणून ‘क्ष’ची जागा वाचली. मग उरलेल्या जागेवर पहिला हक्क कोणाचा? जी आधी बुडाली, तिचा. ती आपलं उत्पादन बांबूवर, जोडीजोडीने…”

“बोंबील बोला ना, ताय!” मागून कोणीतरी ओरडलं. “उत्पादन कय?”

सभागृह हसलं. न्यायाधीशही हसले. “बोंबील म्हणायला न्यायालयाची हरकत नाही,” ते म्हणाले. तिथून पुढे वडा कोणी खाल्ला नाही.

शेवटी प्राचार्यांनी माईकवर जाहीर केलं, “‘य’ पक्ष विजयी!” आणि माझ्या हातात एक पितळी चषक दिला. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबायने आपले बांबू उपटले आणि चांगुणाबायने तिथे आपले रोवले. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून कॉलेजात आल्या. मी सरांच्या खोलीत चषकाची पोचपावती द्यायला उभी होते.

“मास्तर, कागद द्या,” हिराबाय म्हणाली.

“कसला?”

“निकालाचा. शिक्केवाला. पुढं पोरंसोरं भांडली तं दाखवाला.”

सरांनी चष्मा काढला. “कसला निकाल? ते खोटं होतं.”

“खोटं? जज्ज खरा व्हता ना?”

“निवृत्त… पण होता.”

“काला कोट?”

“होता.”

“वकील दोन्ही बाजूंला?”

“होते, पण वाद काल्पनिक होता!”

“काल्पनिक कसा?” चांगुणाबाय म्हणाली. “आमचाच व्हता की.”

“आन् हिचा वकील कय बरा बोलला,” हिराबायने माझ्याकडे हनुवटीने दाखवलं. “माझ्यावाला नुसता इंग्लिश झोडत व्हता. मना समजला, याच्याकडं जवाब न्हाय.”

त्या गेल्यावर सरांनी चष्मा परत चढवला. छतातून एक थेंब पडला. मग ते म्हणाले, “खऱ्या वादावर मूट झालं. नियमभंग. सुनावणी रद्दबातल.”

“आणि माझे गुण, सर?”

“रद्द झालेल्या सुनावणीचे गुण कसले?”

“सर, आम्ही जूनमध्ये कायमचे जाणार. माझं वर्ष…”

“तुमचं वर्ष हा परीक्षा विभागाचा विषय आहे.”

मी बरं म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी बरं म्हटलं नाही आणि तिथेच उभी राहिले. म्हटलं, “सर, वाद तुम्ही लिहिलात. माणसं तुम्ही आणलीत. आणि वर्ष माझं जाणार?” सरांनी कपाटाकडे बघितलं, जसं काही त्यामागे खिडकी उघडी होती. “उद्या वाडीत जाऊन मी स्वतः रद्दबातल जाहीर करणार आहे. तुम्हीही यायचं. गुंतलेल्या पक्षाची उपस्थिती आवश्यक.”

घरी सांगितलं तर हे म्हणाले, “त्या येड्या मास्तरच्या नादी लागून काय करायलीस? पाय धर त्याचे.” म्हटलं, पाय धरले की तो मागे सरकतो.

वाडीत सर बुटांसकट वाळूत उतरले. दर पावलाला बूट भरत होते. नाकाला रुमाल, काखेत फाइल. वलांडीसमोर उभं राहून त्यांनी सुरुवात केली, “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की…”

“मास्तर, थांबा जरा,” हिराबाय म्हणाली. “हरलंय कोन? मी. मी मान्य केला ना? मंग तुमच्या पोटात कय दुखते?”

“अहो, तुमच्याच हिताचं आहे! तुमची जागा तुम्हाला परत मिळेल.”

“नको मना. आईका. आमी दोगी जावा. ही वाकली न्हाय, मी वाकले न्हाय. पोरांची लग्ना झाली, एकमेकींच्या मांडवात गेलो न्हाय. आता मी वाकले ती हिच्या पुढं न्हाय, कोर्टाच्या पुढं. कोर्टाच्या पुढं वाकाला लाज न्हाय. तुमी कोर्ट खोटा केलात तं मी जावेच्या पुढं वाकले, असा व्हईल.”

“आन् मी हिची जागा लुबाडली, असा व्हईल,” चांगुणाबाय म्हणाली. “आता बगा, जिंकले म्हनून मना देता येते. त्या टोकाच्या तीन दोऱ्या हिच्याच हाईत.”

खरंच, टोकाला हिराबायचे बोंबील लटकत होते. सरांचा चेहरा उजळला. “म्हणजे निकालाची अंमलबजावणीच पूर्ण झालेली नाही!”

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं. बहुतेक कितीतरी वर्षांनी त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं असावं.

परतताना बसमध्ये सर बूट काढून वाळू झटकत होते. मला म्हणाले, “माझ्या अधिकारालाच आव्हान आहे हे.” मला वाटलं, मी संपले.

पण त्याच आठवड्यात फळ्यावर नोटीस लागली. पहिली सुनावणी वादात असल्याने त्याच विद्यार्थ्यांचं मूट नव्याने होईल. परीक्षक आणि न्यायाधीश स्वतः विभागप्रमुख. वाद असा होता: ‘प्राध्यापकाने भरवलेल्या खोट्या न्यायालयाचा निकाल खऱ्या पक्षकारांनी मान्य केल्यास, प्राध्यापकाला तो रद्द करता येतो काय?’ माणसाला पेच पडला की तो झोपतो, देवाला जातो, बायकोला विचारतो. आमच्या सरांनी त्याची प्रश्नपत्रिका काढली.

मी चिठ्ठी उघडली. माझी बाजू होती, रद्द करता येतो. वारसदाराची, येत नाही.

सभागृहात या वेळी मोजकी माणसं होती, पण पहिल्या बाकावर हिराबाय आणि चांगुणाबाय होत्या. त्यांना कुठून तरी कळलं होतं. शेजारीशेजारी बसल्या होत्या. मी मराठीत चांगलं बोलले तर पास होणार होते, आणि माझं चांगलं बोलणं समोरच्या दोघींना अक्षर न्‌ अक्षर समजणार होतं. गेल्या वेळी माझ्या तोंडून आलेलं त्यांनी कोर्टाचं मानलं होतं. या वेळीही मानलं असतं.

वारसदार माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, “ताई, इंग्रजीत मारा.”

“माझं इंग्रजी तुला माहीत आहे.”

“म्हणूनच सांगतोय. बिंधास्त मारा, त्यांना काय कळणार नाय. मी मराठीत बोलतो. टेन्शन नका घेऊ.”

गुण गेले तर जातील, असं म्हणण्याएवढी मी शूर नाही. डोळ्यांपुढे हिंगोलीचं घर होतं. पण मी उठले आणि इंग्रजीत सुरुवात केली. काय बोलले देव जाणे. ‘माय लॉर्ड’ इतक्या वेळा म्हटलं की मध्ये मुद्द्याला जागाच उरली नाही. कर्ता एकीकडे, क्रियापद आगरदांड्याला. तरी मुद्दे सगळे मांडले: नियम आहे, नियम मोडला, मोडलेल्यातून हक्क जन्मत नाही. सर डोळे मिटून ऐकत होते, दात दुखत असल्यासारखे. जावा कौतुकाने बघत होत्या. चांगुणाबाय कुजबुजली, “इंग्लिश पन येते हिला!”

मग वारसदार उठला आणि पनवेलच्या धेडगुजरी मराठीत सांगितलं, की जिथे दोघांनी मानलं तिथे तिसऱ्याने कशाला नाक खुपसायचं. कायद्याच्या चार शब्दांत त्याने ते बसवलं, पण सार एवढंच. जावांनी माना डोलावल्या.

सरांनी डोळे उघडले. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पहिल्या बाकाकडे. या वेळी मात्र चेहरे बघितले. आम्ही काय केलं ते त्यांना कळलं, हे मला कळलं.

“गुण युक्तिवादाला असतात, निकालाला नसतात,” ते म्हणाले. “अपवाद बाईंचं इंग्रजी दयनीय. युक्तिवाद पुरेसा. उत्तीर्ण. वारसदार, उत्तीर्ण.” त्यांनी गुणपत्रिकेवर सही केली आणि ती परीक्षा विभागाच्या कारकुनाकडे दिली. मग मान ताठ करून म्हणाले, “निकाल राखून ठेवण्यात येत आहे.”

“म्हंजे कय?” हिराबायने मला विचारलं.

“म्हणजे निकाल नंतर सांगतील.”

“तवर?”

“तोपर्यंत आहे तसंच.”

“मंग हां,” ती म्हणाली आणि दोघी उठल्या. तो निकाल सरांनी आजतागायत दिलेला नाही. देणार नाहीत. त्यांनी तो जाणूनबुजून राखून ठेवला, की निकाल देण्याची त्यांची नेहमीची तयारी नव्हती तीच याही वेळी नव्हती, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. माझा स्वभाव पहिलं मानायला बघतो. सरांना ओळखणारी माझी अक्कल दुसरं मानते.

न्यायाधीश उठले की मागच्या दाराने आत जातात. सर तसेच उठले. आम्ही सगळे उभे राहिलो. कोट सावरून, मागे न बघता, ते व्यासपीठामागच्या दाराने आत गेले आणि दार लावून घेतलं. ते दार दालनाचं नव्हतं. तिथे मोडकी बाकं आणि सतरंज्या ठेवायची अडगळीची खोली होती, दुसरीकडून बाहेर पडायला वाट नसलेली. सभागृह रिकामं झालं. वारसदार गेला, जावा गेल्या. दार उघडेना. आतून एकदा बाक सरकल्याचा आणि शिंकेचा आवाज आला.

मी दाराशी गेले. “सर.”

मी दारावर टकटक केली.

“सर, मी आहे. आभार मानायचे होते.”

आतून आवाज आला, “न्यायालय उठलेलं आहे.”

मी बंद दाराला नमस्कार केला आणि झपझप निघाले, म्हणजे त्यांना बाहेर येता येईल.